'नंबर' लागतो, 'क्रमांक' येतो

सीमाभागातल्या मराठीविषयी दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक जुनी, की तिच्यात कानडी आणि उर्दू फार मिसळली आहे. दुसरी त्यामानाने अलीकडची, की तिच्यात इंग्रजीचा भरणा फार झाला आहे. तक्रार करणारी मंडळी पुण्यामुंबईचीच असतात असे नाही. बीदर-भालकीचे शिक्षक, लातूर-उदगीरला शिकून आलेली मुले, आमच्याच घरातले जावई, सगळेच ती करतात. आणि दिवाळी अंकांतल्या सीमाभागाच्या कथा-कवितांचे परीक्षण लिहिणारेही करतात. पद्धत ठरलेली आहे. वाक्यातली परकी नामे मोजायची आणि भाषेला नापास करायचे. (या 'नापास'मध्ये 'ना' फारसीचा आणि 'पास' इंग्रजीचा आहे, हे मात्र कुणाच्या मोजणीत येत नाही.)

मला ही पद्धतच चुकीची वाटते. ती का, हे सांगण्यासाठी मी एकच शब्द घेतो. तो सोपा आहे, रोजचा आहे, अक्षरशत्रू म्हातारीच्या तोंडीही आहे. शब्द आहे 'नंबर'. खेड्यात त्याचा 'लंबर' होतो, पण तो सर्वांनाच कळतो.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. तिथे त्याचा पसारा मोठा आहे. मोजून आलेली संख्या म्हणजे नंबर, लिहिलेला आकडा म्हणजेही नंबर. रांगेतले स्थान, व्याकरणातले एकवचन-अनेकवचन, जलशातले एखादे गाणे, मासिकाचा अंक, या सगळ्यांना तो एकच शब्द चालतो. आपल्याकडे यातले काय आले आणि काय आले नाही, हे पाहण्यासारखे आहे. 'वर्गात मुलांचा नंबर किती?' असे आपण विचारले, तर ऐकणारा पोरांची मोजदाद करणार नाही. कुठल्या मुलांचा कितवा नंबर आला ते विचारता, असे तो म्हणेल. मोजण्याच्या अर्थाने 'नंबर' मराठीने घेतलाच नाही. त्याची तिला गरज नव्हती. शाळेला 'पट' होता, गावाला 'उंबरे' होते, पंगतीला 'पाने' होती, घराला 'खाणारी तोंडे' होती, आणि काहीच नसले तर 'किती जण' होतेच. मराठीने इंग्रजी शब्दातून फक्त एक फाळका कापून घेतला: यादीतली किंवा रांगेतली जागा. दारिद्र्यामुळे उसनवार करणारा माणूस मिळेल ते उचलतो. इथे तसे झालेले दिसत नाही. इथे निवड झाली आहे.

मासिकाच्या पुस्तकाला इंग्रजीत 'नंबर' म्हणत, हेही जाता जाता सांगायला हवे. आपण त्याला 'अंक' म्हटले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दिवाळीला जो वाचतो तो 'अंक' म्हणजे मला तरी त्या 'नंबर'चेच भाषांतर दिसते. भाषांतर इतके चपखल बसले, की त्यात कुणाला इंग्रजीचा वासही येत नाही. तेव्हा मी भाषांतराच्या किंवा नव्या शब्दांच्या विरोधात आहे, असा समज कुणी करून घेऊ नये.

आता 'क्रमांक'. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत जे शब्द दिले, त्यांत 'नंबर'साठी 'क्रमांक' आहे. दिनांक, महापौर, दिग्दर्शक, नगरपालिका हे शब्दही त्याच यादीतले. त्यांतले बहुतेक टिकले आणि आज ते कुणाला बनवलेले वाटत नाहीत. १९३८ साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सावरकर होते, आणि त्याच वर्षी माधव जूलियन यांचे 'भाषाशुद्धि-विवेक' प्रसिद्ध झाले. याच माधवरावांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वादाची खोली कळते. पुढे १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 'क्रमांक' सरकारी कागदावर कायमचा बसला. अर्जदाराचा अनुक्रमांक, आसन क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, आदेश क्रमांक. शब्द उत्तम आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती 'क्रमांक' हा 'नंबर'चा मराठी अवतार आहे असे मानणाऱ्यांबद्दल. तो तसा नाही. 'नंबर'च्या अनेक कामांपैकी एकच काम 'क्रमांक' करतो: कागदावर लिहिण्याचे. बाकीची कामे त्याला जमत नाहीत, आणि ती त्याच्यावर लादली की वाक्य मरते. बीदरच्या दवाखान्यात सकाळी आठ वाजता गेलेला माणूस 'मी क्रमांक लावला आहे' असे म्हणतो काय? गेल्या काही वर्षांत सीमाभागावर लिहिलेल्या कथा मी बऱ्याच वाचल्या. त्यांत औरादचा शेतकरी 'माझा क्रमांक केव्हा येईल?' असे विचारताना मला भेटला आहे. त्याच कथेत वातावरणनिर्मितीसाठी 'होय री', 'यल्ला', 'बर्री' असे कानडी शब्द पेरलेले होते. म्हणजे कानडीची फोडणी चालते, कारण ती रंगीत दिसते. इंग्रजीतून आलेला, तीन पिढ्या घरात राहिलेला शब्द मात्र लेखकाने पुसून टाकला, कारण तो दाखवायला त्याला लाज वाटली. पात्राच्या तोंडची भाषा लेखकाने आपल्या लाजेनुसार दुरुस्त करावी, हा आपल्या सीमासाहित्याचा मोठा दोष आहे, आणि परीक्षणे लिहिणाऱ्यांनी तो दाखवण्याऐवजी त्याची पाठ थोपटली आहे.

या शब्दाची खरी करामत त्याच्या क्रियापदात आहे. नंबर 'लागतो', 'लावतात', 'येतो', 'काढतात', 'फिरवतात'. सगळी क्रियापदे आपली, आणि प्रत्येकाबरोबर अर्थ निराळा. मुलीचा 'नंबर आला' म्हणजे ती परीक्षेत वर आली. मुलीचा 'नंबर लागला' म्हणजे वसतिगृहात, महाविद्यालयात किंवा नोकरीत तिला जागा मिळाली. वर यायलाच पाहिजे असे नाही, यादीत शेवटची असली तरी चालते. या 'लागला'मध्ये वाट पाहणे आहे, धाकधूक आहे, थोडे नशीबही आहे. 'आला'मध्ये कर्तबगारी आहे. शेजाऱ्याला पेढा देताना आई यातले कुठले क्रियापद वापरते, त्यावरून मुलीने काय केले ते शेजाऱ्याला बरोबर कळते. 'नंबर लावला' म्हणजे कुणीतरी पहाटे उठून रांगेत उभे राहिले, किंवा रांगेत आपली पिशवी ठेवून चहाला गेले. रॉकेलच्या दिवसांत आमच्याकडे डबेच रांगेत उभे असायचे. माणसे सावलीत बसायची आणि डब्यांचा नंबर लागायचा.

टेलिफोन आला तेव्हा हेच क्रियापद तिकडेही गेले. एसटीडीच्या पिवळ्या पाटीच्या बूथवर माणूस चिठ्ठी पुढे करून म्हणायचा, 'एवढा नंबर लावून द्या.' आणि पलीकडून आवाज आला नाही तर, 'नंबर लागत नाही.' बीदरच्या बसस्थानकावरून हैदराबादला फोन करणाऱ्या बापाचे 'नंबर लागला नाही' हे वाक्य अर्धवट ऐकणाऱ्याला पोराचा प्रवेश हुकला की फोन जोडला गेला नाही, ते कळायला मार्ग नसे.

म्हातारी माणसे मृत्यूलाही याच रांगेत उभी करतात. बरोबरीचा कुणी गेला की 'आता आपलाच नंबर' असे ती सहज म्हणून जातात. 'आता आपलाच क्रमांक' असे म्हणून पाहावे.

'भारतीय अभिजात भाषांत मराठीचा नंबर लागला' असे मी २०२४ च्या ऑक्टोबरात कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकले. वर्तमानपत्रांनी 'दर्जा मिळाला' असे छापले. बोलणाऱ्यांना 'नंबर लागला' सुचले. ३ ऑक्टोबर २०२४ चा तो निर्णय. कन्नडचा नंबर २००८ सालीच लागला होता. सोळा वर्षांची ती वाट 'लागला' या क्रियापदात आपोआप आली, 'मिळाला'त येत नाही. सीमाभागातल्या घरांना दोन्ही बातम्या आपल्याच होत्या, ही गोष्ट वेगळी.

कुणी विचारील, 'लागणे-लावणे' जर आपलेच, तर त्यांच्यासोबत आपलेच नाम का टिकले नाही? रांगेतल्या जागेला मराठीत शब्द नव्हता काय? होता, आणि फार चांगला होता: 'पाळी'. पाण्याची पाळी, राखणीची पाळी, बोलण्याची पाळी, 'माझ्यावर ही पाळी आली' मधली पाळी. मग तो मागे का सरला? शुद्धिवाद्यांच्या मते इंग्रजीने आक्रमण केले म्हणून. मला कारण घरगुती वाटते. मासिक धर्मासाठी 'पाळी' हा शब्द जसजसा रूढ होत गेला, तसतसा तो चारचौघांत उच्चारणे अवघड होऊ लागले. 'माझी पाळी आली' हे वाक्य मुलींना वर्गात म्हणता येईना, मग मुलग्यांनाही म्हणता येईना. मराठी लाजेने एक जागा रिकामी केली आणि तिथे 'नंबर' येऊन बसला. त्याने कुणाला ढकलले नाही.

याचा पुरावा आपल्या सीमाभागातच आहे, आणि तो पुण्यात बसून दिसणार नाही. उत्तर कर्नाटकातल्या कानडीत रांगेला आणि रांगेतल्या वेळेला 'पाळी' म्हणतात. ग्रंथातली कन्नड 'सरती' म्हणते, पण कलबुर्गीच्या बाजारातला माणूस 'पाळी हच्चरी' म्हणतो, म्हणजे रांग लावा. कानडीत या शब्दाला तो दुसरा अर्थ चिकटला नाही, म्हणून तिथे तो मोकळेपणाने नांदतो. आपण लाजून टाकलेला शब्द शेजारच्या घरात सुखात आहे, आणि आपण शेजाऱ्याला म्हणतो की त्याने आमची भाषा बिघडवली.

शेजाऱ्याच्या भाषेत 'नंबर' मात्र जपून ऐकावा लागतो. कानडीत 'नंबु' म्हणजे विश्वास ठेवणे, आणि जुन्या वळणाच्या कानडीत 'नंबरु' म्हणजे 'विश्वास ठेवत नाहीत'. सरकारी कचेरीत नंबर लावून बसलेल्या माणसाला या श्लेषाचे हसू यावे की रडू, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता 'एक नंबर' घ्या. मला वाटते, मराठी विभक्तीचे सामर्थ्य शिकवायला याच्याइतका सोपा धडा सापडणार नाही. नुसते 'एक नंबर!' म्हटले की शाबासकी: हुरडा एक नंबर, कीर्तन एक नंबर. 'चा' लावला की शिवी: 'एक नंबरचा लबाड'. 'ला' लावला की वर्गातले पोर हात वर करून बाहेर जायची परवानगी मागते. तीन अर्थ, तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तिन्ही वेगळे करणारा जो भाग आहे तो शुद्ध मराठी प्रत्यय आहे. 'दोन नंबर'चेही तसेच. इंग्रजीतल्या 'नंबर टू'ला जो अर्थ आहे, तो आपल्याकडे फक्त शाळेत शिल्लक आहे. बाजारात 'दोन नंबरचा' म्हणजे हिशेबाच्या वहीत न लिहिलेला पैसा. हा अर्थ इंग्रजाला सांगितला तर तो चकित होईल. त्याच्या शब्दाने आपल्याकडे येऊन असा धंदा सुरू केला आहे, हे त्याला कसे ठाऊक असणार? हिंदी सिनेमाने नव्वदच्या दशकात 'कुली नं. १', 'हीरो नं. १', 'बीवी नं. १' असे एक नंबरचे पीकच काढले; पण त्यात फक्त पहिला अर्थ होता. प्रत्ययांची गंमत मराठीतच आहे.

चष्म्याचा नंबर हाही इंग्रजीला नवा. तिथे भिंगाची 'पॉवर' असते. आपल्याकडे डोळ्यांना नंबर 'लागतो', मग तो 'वाढतो', आणि डॉक्टरकडे जाऊन तो 'काढून' आणावा लागतो. मटक्याचा नंबर मी थोडक्यात उरकतो, कारण हा अंक घरात वाचला जातो. एवढेच सांगतो की 'कल्याण' मटक्यातले कल्याण आपले बसवकल्याण नव्हे. मुंबईत १९६२ साली तो सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावावरून ते आले. विज्जल राजाच्या आणि बसवेश्वरांच्या कल्याणाला त्याचा विटाळ नको.

आकडाच शब्द होऊन बसतो, त्याचेही एक उदाहरण द्यायला हवे. 'चारशेवीस' म्हणजे ठक, हे आपण दंडविधानाच्या कलमावरून घेतले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाले. कलम गेले, पण 'चारशेवीस' गेला नाही. त्याला आता कायद्याचा आधार उरला नाही, तरी बोलणाऱ्यांचा आहे, आणि शब्दाला तो पुरतो.

इथपर्यंतचे 'नंबर' लातूर-सोलापूरकडेही मिळतील. सीमाभागाचा खास 'नंबर' शेतात आहे. आमच्याकडे नंबर म्हणजे जमीन. 'ओढ्याकडच्या नंबरात तूर आहे', 'थोरल्याला वरचा नंबर आला, धाकट्याला पाणथळ' अशी वाक्ये भालकी, औराद, आळंद तालुक्यांत कुणाही कुणब्याच्या तोंडी असतात. मूळ 'सर्वे नंबर'. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरपासून जी मोजणीची पद्धत घातली, तिच्यात प्रत्येक शेताला नंबर मिळाला. निजामाच्या राज्यात पुढे त्याच धर्तीवर मोजणी झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्राकडे, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे राहिले. कचेरीची भाषा उर्दू होती, ती आमच्याकडे कन्नड झाली. पलीकडे तुकडेजोड झाली आणि शेताला 'गट नंबर' आला, कागदाला 'सातबारा'. अलीकडे 'सर्वे नंबर', 'हिस्सा नंबर' राहिले आणि कागदाला 'पहणी'. ही 'पहणी' म्हणजे आपलीच 'पाहणी'. कन्नड लिपीत छापलेल्या, आणि 'भूमी' योजना आल्यापासून संगणकातून निघणाऱ्या त्या उताऱ्याचे रोजच्या बोलण्यातले नाव मराठी आहे, 'हिस्सा' अरबी, 'नंबर' इंग्रजी. त्याच्यावर मालकाचे नाव काय असेल ते असो, जमीन वाचते की जाते ते या तीन शब्दांवर ठरते, आणि तालुक्याला हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला हे तिन्ही शब्द सारखेच आपले वाटतात.

याच ठिकाणी दोन्हीकडच्या शुद्ध भाषा सीमेवरच्या माणसाला कशा अडचणीत टाकतात तेही दिसते. महाराष्ट्रातला कागद 'नोंदणी क्रमांक' म्हणतो. कर्नाटकातला कागद 'नोंदणी संख्ये' म्हणतो. दोन्ही शब्द संस्कृताच्याच खजिन्यातले, दोन्ही सरकारांनी सद्‌हेतूने घेतलेले. पण मराठी शाळेत शिकलेल्या पोराला 'संख्या' म्हणजे मोजून येते ती, 'एकूण किती' ती. एका गाडीची 'संख्या' अशी कशी असेल, असा त्याचा पहिला गोंधळ. बीदरात उभा राहून कुणी दोन्ही अर्ज भरत असेल, तर त्याच्या मदतीला 'नंबर'च येतो. तो कारकुनालाही कळतो, अर्जदारालाही, आणि मागे उभ्या असलेल्या, 'नंबर लगाको आव' म्हणणाऱ्या दखनी बोलणाऱ्या चाचालाही. तीन भाषांच्या मधला हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही म्हणून सर्वांच्या उपयोगाचा झाला आहे.

गाडीच्या नंबराने आणखी एक काम केले. के.ए. ३८ म्हणजे बीदर, ३९ भालकी, ५६ बसवकल्याण, ३२ कलबुर्गी. ही पाटी लावलेली मोटारसायकल उदगीरच्या बाजारात उभी राहिली की मालक तोंड उघडण्यापूर्वीच कर्नाटकाचा ठरतो, मग त्याचे आडनाव आणि बोली काहीही असो. आणि एम.एच. २४ ची गाडी बीदरात आली की ती पाहुण्याची. आमच्या सरकारी बसवर नंबर कानडी आकड्यांतही असतो. कानडी दोनचा आकडा आपल्या दोनचा सख्खा भाऊ वाटावा इतका सारखा आहे. सहा-सात मात्र नवख्याला दगा देतात. लग्न होऊन पलीकडून आलेल्या सुना आधी हे आकडे शिकतात, अक्षरे नंतर.

मराठीने 'नंबर'मधून 'संख्या' हा अर्थ घेतला नाही, असे वर म्हटले. सीमाभागात मात्र या दोन अर्थांची गाठ सरकारी कागदाने घातली आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण ठरले, त्यात प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवण्यासाठी अट आहे: शाळेत ४० मुले, किंवा एका वर्गात १० मुले. त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम आले. आणि सरकारी सूचना अल्पसंख्याकांच्या भाषेत निघाव्यात यासाठी लोकसंख्येच्या १५ टक्क्यांचा आकडा आहे. सीमाप्रश्नाच्या बाजूने पाहिले तर तिथे '८६५' गावे आहेत. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि '८६५' हे बेळगाव-निपाणीपासून बीदर-भालकीपर्यंतच्या लोकांचे जवळजवळ आडनाव झाले. या आकड्यांवर भाषणे पुष्कळ होतात. मला त्यातला ४० आणि १० हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो घरातून ठरतो. दहावे मूल इंग्रजी शाळेत गेले की उरलेल्या नवांना मराठीचा हक्क मागायला बळ उरत नाही. आणि हे दहावे मूल नेणारा बाप बहुतेकदा तोच असतो, जो 'आपल्या मराठीत इंग्रजी फार घुसली' म्हणून हळहळतो.

त्या दहाव्या मुलाच्या बोलण्यात मग काय बदलते, ते ऐकावे. त्याच्या बोलण्यातून 'नंबर' नाहीसा होतो. दवाखान्यात तो 'टोकन' घेतो. खेळताना 'माझा टर्न' म्हणतो. वर्गात 'रँक' येते आणि डोळ्यांची 'पॉवर' वाढते. चार इंग्रजी शब्दांनी मिळून 'नंबर'चे घर वाटून घेतले आहे. गंमत अशी, की भाषाशुद्धीच्या हिशेबाने यात बिघडले काहीच नाही: आधीही एक इंग्रजी नाम होते, आताही इंग्रजीच नामे आहेत. पण 'नंबर'बरोबर जी क्रियापदे नांदत होती ती या नव्या शब्दांबरोबर येत नाहीत. टोकन 'लागत' नाही, ते फक्त 'घेतात'. टर्न 'लावता' येत नाही. रँक 'आली' हे ठीक, पण वसतिगृहात 'रँक लागली' असे कुणी म्हणत नाही. म्हणजे धाकधूक, वाट पाहणे, पहाटे उठून डबा ठेवणे, या सगळ्याला लागणारी क्रियापदे त्या मुलाला वापरायलाच मिळत नाहीत. मोजणाऱ्यांनी मोजायचीच असतील तर ही मोजावीत.

लिंगाचेही तसेच. मराठीत नंबर पुल्लिंगी: नंबर 'आला'. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, तिथे 'नंबर बंतु'. कानडी शेजारात वाढलेल्या मुलांच्या तोंडी 'नंबर आलं' हे क्वचित कानावर येते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांना ते भयंकर वाटते. मला वाटत नाही. त्या मुलाचे लिंग चुकले असेल, पण 'येणे' त्याच्याजवळ आहे, आणि 'आला' की 'आलं' हा वाद मराठीच्या घरातला आहे. कोकणापासून विदर्भापर्यंत किती शब्दांची लिंगे किती वेळा बदलतात, ते कुणीही बोलीचा अभ्यास करणारा सांगेल. टर्नवाल्या मुलाला लिंग चुकवण्याइतकेसुद्धा मराठी लागत नाही.

कोशकारांकडूनही मला काही हवे आहे. परक्या शब्दाची नोंद करताना आपण मूळ भाषा, अर्थ आणि एखादा प्रतिशब्द देऊन मोकळे होतो. 'नंबर'ची नोंद क्रियापदाप्रमाणे लावायला हवी: लागणे, लावणे, येणे, काढणे, फिरवणे, आणि प्रत्येकाखाली अर्थ. प्रत्ययाप्रमाणे 'एक नंबर'चे तीन अर्थ. शेत या अर्थाखाली बीदर, कलबुर्गी. आणि शेवटी 'पाळी' पाहा, अशी सूचना. 'पाळी'च्या नोंदीत मग 'उत्तर कर्नाटकातील कानडीत अजून रूढ' एवढी ओळ घालायला काही खर्च येत नाही.

हुमनाबादच्या दवाखान्याच्या बाकावर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. आत जाणाऱ्या माणसाच्या मागे दार लागते, कंपाउंडर बाहेर डोकावतो, आणि कडेवर पोर घेतलेली कानडी बाई विचारते, 'पाळी यारदु री?' बाकावरची मराठी आजी पदर सावरत उठते. 'माझा नंबर आहे बाई. पण लेकराला ताप दिसतोय, तू जा पुढं.'